आर्डिस कोवाल्चिकची पाकिटं

आर्डिसच्या तळघरात भर दुपारी मेणबत्ती जळत असते.

मी तिच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले, त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, घरात कुणीतरी गेलं असावं. खाली डोकावले. आर्डिस बाकावर वाकून पिस्तुलाची नवी नळी ज्योतीवर धरून काळी करत होती. काळी झालेली नळी तिने पिस्तुलात बसवली, लगेच काढली, भिंगातून पाहिली. एका जागी काजळी पुसली गेली होती, मोहरीएवढी. तिथे तिने कानस फिरवली. एकदाच. मग नळी पुन्हा ज्योतीवर.

"हे किती वेळा करायचं?" मी विचारलं.

"बसेपर्यंत."

"आणि बसली हे कसं कळतं?"

"काजळी सगळीकडून सारखी पुसली जाते. तू काय शिकलीस म्हणालीस?"

"साहित्य."

"मग तुला घाई नसणार. बस तिथे."

मी बसले. त्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. ती नळी बसायला तीन दिवस लागले होते.

नवा भाग येतो तो मुद्दाम थोडा मोठा येतो. आयते बसणारे भागही मिळतात, पण ते सगळ्या पिस्तुलांत बसतात म्हणजे कुठल्याच पिस्तुलात नीट बसत नाहीत. आर्डिस ते घेत नाही. मोठा भाग घ्यायचा आणि त्याच एका पिस्तुलापुरता लहान करत आणायचा. जास्त घासला गेला तर संपलं. घासलेलं पोलाद परत लावता येत नाही.

ती त्रेसष्ट वर्षांची आहे. एकोणीसशे बेचाळीसमध्ये गावातले पुरुष युद्धावर गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बेअरिंगच्या कारखान्यात मापं तपासायला लागली. युद्ध संपलं, पुरुष परत आले, बायकांना घरी पाठवलं गेलं. आर्डिसला ठेवून घेतलं. पोलादावर केसापेक्षा बारीक उंचवटा असला तर तो तिच्या नखाला कळायचा. परत आलेल्या एकाच्याही नखाला तो कळत नव्हता.

पिस्तुलाला तिने पहिल्यांदा हात लावला तो रागाने. नवरा यान नेमबाज होता. त्याने स्वतःचं पिस्तूल 'सुधारायला' घेतलं आणि कानशीने त्याची वाट लावली. लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. आर्डिस दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी पिस्तूल दुरुस्त करून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्या उन्हाळ्यात यान जिंकायला लागला. मग यानचे मित्र यायला लागले. यान जाऊन नऊ वर्षं झाली. मित्र येतातच.

ते सगळे एकाच जातीचं पिस्तूल आणतात. पंचेचाळीस कॅलिबरचं, एकोणीसशे अकराच्या घडणीचं. सरोवराकाठच्या आमच्या या गावात निम्म्या घरांत ते असतं, बापाकडून नाहीतर काकाकडून आलेलं. गेल्या वर्षी अमेरिकेच्या सैन्याने ते बदलून नवं घेतलं. ही बातमी मी आर्डिसला वाचून दाखवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "घाईघाईने बिघडवणारे तेवढे कमी झाले."

तिच्या दोन रीती आहेत. काढलेला जुना भाग ती कधी फेकत नाही. पाकिटात घालते, पाकीट चिकटवते, वर माणसाचं नाव, तारीख आणि काय काढलं ते लिहिते, आणि पिस्तुलाबरोबर परत देते. कुणी म्हणालं, याचं आता मी काय करू, तर म्हणते, "ते मी कशाला सांगू? तुझं आहे."

दुसरी रीत डब्याची. कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात शिशाचे छर्रे, वर तारेचा आकडा. वजन साडेचार पौंड. पिस्तूल तयार झालं की त्याचा घोडा, म्हणजे पडून गोळी उडवणारा मागचा तुकडा, मागे ओढायचा, डब्याचा आकडा बोटाने ओढायच्या चापाला अडकवायचा आणि पिस्तुलाने डबा जमिनीवरून उचलायचा. घोडा पडला नाही तर चाप पास. स्पर्धेचा नियम चार पौंडांचा आहे. वरचा अर्धा पौंड आर्डिसचा. घोड्याला अडवून धरणारा एक इवलासा खटका असतो. त्याची धार वापराने गुळगुळीत होते, चाप हलका होत जातो. अर्धा पौंड त्या झिजेसाठी.

या दोन रीती मला माहीत होत्या. म्हणून पुढचं सगळं लक्षात राहिलं.

एप्रिलच्या सुरुवातीला ऑरिन टिबेट्स आला. गावात एकतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला, एकाहत्तर वर्षांचा, बांबूसारखा उंच. यानचा सगळ्यात जुना दोस्त. त्याच्या पिस्तुलाची नळी पार गेली होती. खटका आणि घोडाही जुने, खडबडीत होते, चाप जड जायचा.

"सगळं नवं घाल," तो म्हणाला. "या जुलैला जायचंय मला."

"दर जुलैला जातोस."

"या जुलैला शेवटचं."

आर्डिसने ॲपल पायचा तुकडा कापून त्याच्यापुढे सरकवला.

मला सांगायला हवं की ऑरिनला काय हवं होतं. आमच्या गावापासून तासाभरावर, सरोवराच्या काठावर, दर जुलैला राष्ट्रीय स्पर्धा भरते. त्यातल्या एका सामन्यात वरच्या दहा टक्क्यांत आलात तर गुण मिळतात. सहा, आठ किंवा दहा. असे तीस गुण आयुष्यभरात जमले की एक बिल्ला मिळतो. तो विकत मिळत नाही, बक्षीस म्हणून मिळत नाही, मेल्यावर मिळत नाही. ऑरिनकडे चोवीस गुण होते. चोविसावा मिळून सात वर्षं झाली होती.

त्याने काटा धरला. उजव्या हाताची तर्जनी वळली नाही. त्याने काटा मुठीत धरला, लहान मुलासारखा.

आर्डिसने पाहिलं.

"टपालवाल्या, बोट दाखव."

"कशाला? अंगठी घालणारेस?"

"त्या सांध्यावरून अंगठी नाही जायची. नट बसेल, तोही पाऊण इंची."

"डॉक्टर पण हेच म्हणाला. त्याने नटाचं माप नाही सांगितलं."

"अजून काय म्हणाला?"

"पुढच्या उन्हाळ्यात चहाचा कप धरलास तरी देवाचे आभार मान, म्हणाला." ऑरिनने पायचा तुकडा तोंडात टाकला. "यात दालचिनी कमी आहे."

"यानला जास्त आवडायची नाही."

"यान आता खात नाही ना."

ती हसली. मी तिच्या जागी असते तर हसू शकले नसते.

पाच आठवडे तिने त्या पिस्तुलावर काम केलं. नळी बसवली. नळीच्या तोंडाशी एक कडं असतं, ते इतकं घट्ट बसवलं की हाताने फिरेना, त्यासाठी वेगळा पाना लागला. वरचा सरकता भाग ती डोळे मिटून पुढेमागे ओढायची आणि ऐकायची. मला काहीच ऐकू यायचं नाही. ती म्हणायची, "इथे अडखळतंय," आणि मेणबत्ती पेटवायची. शेवटी घोडा आणि खटका. ते दोन तुकडे जिथे एकमेकांना भेटतात ती जागा नखाच्या कडेएवढी आहे. ती काचेसारख्या गुळगुळीत दगडावर तिने पाजली. मी चाप ओढून पाहिला. काही ओढल्यासारखं वाटलंच नाही. बर्फाची सळई तुटावी तसा घोडा पडला.

मग वजन करायची वेळ आली. आर्डिसने डब्याचं झाकण काढलं आणि आतून मूठभर छर्रे काढून बशीत ठेवले.

"हे काय?"

"उन्हाळा आलाय. डब्यालाही हलकं वाटू दे."

तिने डबा उचलला. घोडा पडला नाही. छर्रे तिने परत डब्यात टाकले. जुना घोडा आणि जुना खटका पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं, नाव घातलं. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं अजून वाटतं.

ऑरिन पिस्तुलावर लट्टू झाला. मे, जून, रोज सकाळी क्लबच्या मैदानावर. आर्डिसने त्याला बजावलं होतं की हात बसेपर्यंत गोळ्या झाड, मग ठेवून दे. पण बोट दुखत नव्हतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा दुखत नव्हतं. तो झाडत राहिला. जुलै उजाडेपर्यंत त्याने दोन हजार गोळ्या झाडल्या होत्या आणि हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही तिघं आर्डिसच्या पिकअपमधून गेलो. मागे घडीची खुर्ची, अवजारांची पेटी, कॉफीचा थर्मास. सरोवरावरून वारा येत होता. ऑरिन वाटेत फक्त एकदा म्हणाला, "वारा डावीकडून आहे," आणि आर्डिस म्हणाली, "दर वर्षी डावीकडूनच असतो."

मैदानावर शिरायच्या आधी चाप तोलतात. लांब टेबल, एक तरुण पंच, दांडीला लावलेलं चार पौंडांचं पितळी वजन. ऑरिनची पाळी आली. त्याने घोडा मागे ओढला, चापात दांडी अडकवली, पिस्तूल वर उचललं. वजन जमिनीवरून बोटभर उठलं.

टक.

घोडा पडला होता.

"पुन्हा," पंच म्हणाला. "तीन संधी आहेत, सर."

टक.

तिसऱ्या वेळी ऑरिनने इतक्या हळू उचललं की रांगेतले लोक गप्प झाले. वजन उठलं. राहिलं. एक, दोन.

टक.

"दुरुस्त करून आणा, सर," पंच खालच्या आवाजात म्हणाला. "तुमची तुकडी नऊ चाळीसला आहे."

नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडून आर्डिसने त्यावर टॉवेल पसरला. पिस्तूल खोलायला तिला दीड मिनिट लागलं. खटका भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला.

"किती गोळ्या झाडल्यास?"

"थोड्या."

"ऑरिन."

"दोन हजार. थोड्या जास्तच."

"धार गेलीय."

"मग ती पट्टी वाकव," ऑरिन घाईने म्हणाला. आत एक स्प्रिंगची पट्टी असते, ती जरा वाकवली की चाप जड होतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. "सगळे वाकवतात. दोन मिनिटांचं काम."

"वाकवते. पाच पौंडसुद्धा दाखवेल. पंच पास करेल."

"मग झालं तर!"

"आणि विसाव्या नाहीतर बाविसाव्या गोळीला घोडा तुझ्या बोटासाठी थांबणार नाही. आपणहून पडेल."

"तीसच तर गोळ्या आहेत, आर्डिस."

"तुझ्या डावीकडे माणूस असतो. उजवीकडे पण असतो."

रांगेतले तिघंचौघं ओळखीचे लोक आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. आर्डिसचं पिस्तूल तोलात पडलं, ही गोष्ट चाळीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग ऑरिनकडे.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अर्धा पौंड सोडायला हवा होता. नाही सोडला. चारच्या काठावर ठेवला."

"का?"

"तुझं बोट पाहून."

"मी मागितलं होतं?"

"नाही."

"मागितलं होतं का मी, आर्डिस?" त्याचा आवाज चढला. "एकतीस वर्षं या बोटांनी टपाल टाकलंय, बर्फात, उणे पंधरात. एकाने तरी म्हटलं का, अरे ऑरिन, माझं पत्र मीच घेऊन जातो?"

"नाही म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. मला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून नाही विचारलं."

नऊ अकरा झाले होते. मला वाटलं, आता हे इथेच संपणार. चोवीस गुण, आणि घरी परत.

मग आर्डिसने विचारलं, "पाकीट कुठाय?"

ऑरिनने नेमबाजीच्या पेटीचा तळ उचकला. चिंध्या, तेलाची बाटली, जुने निकाल, खोकल्याच्या गोळ्या. सगळ्यात खाली पाकीट. चिकटवलेलं, जसंच्या तसं.

"उघडलंच नाहीस?"

"बंद पाकीट उघडायची सवय नाही मला."

"अरे, वर तुझंच नाव आहे!"

"ते वाचलं होतं मी."

मागे उभे असलेले लोक हसले. ऑरिन हसला नाही, पण खांदे खाली आले. पाकीट त्याने स्वतः फाडलं, कडेने, सरळ, पत्र फाडतात तसं.

आर्डिसने जुना घोडा आणि जुना खटका पुसून भिंगाखाली धरले. तीस वर्षं एकमेकांसोबत असलेले ते दोन तुकडे, खडबडीत, पण एकमेकांत खोल अडकणारे. तिने दगडाला हात लावला नाही. फक्त तेलाचा थेंब दिला आणि बसवले. बसवल्यावर घोडा पाच-सहा वेळा मागे ओढून पाहिला, अंगठ्याने जोर लावून पाहिला, सुरक्षेचा खटका लावून काढून पाहिला. तिकडे पंचाकडून दोनदा नाव पुकारलं गेलं. तिने शेवटची तपासणी गाळली नाही.

"घे. पाच पौंडांच्या वर आहे. चाप ओढताना मधे एक खडा लागतो, आठवतोय ना?"

ऑरिनने रिकामा चाप हळूहळू ओढला. बोट थोडं जाऊन थांबलं. चेहरा वाकडा झाला. पुन्हा ओढलं.

"आठवतोय," तो म्हणाला. "पाव वाटेवर."

"दुखेल."

"माझं मी बघेन."

टेबलावर वजन उठलं. घोडा जागचा हलला नाही. नऊ चौतीस.

आर्डिस सामना कधीच पाहत नाही. खुर्ची मैदानाकडे पाठ करून मांडते आणि सरोवराकडे तोंड करून बसते. ऐकते. शंभर पिस्तुलांच्या आवाजात एक आवाज ती कशी वेगळा काढते, मला माहीत नाही. पहिल्या दहा गोळ्या सावकाश, दहा मिनिटांत. ती मधूनच म्हणायची, "थांबला. बोट चोळतोय." मग पुढचा बार, आणि ती मान हलवायची. नंतरच्या दहा वेगाने, शेवटच्या दहा त्याहून वेगाने, दहा सेकंदांत पाच, दोनदा. तेव्हा तिच्या मांडीवर उजवी तर्जनी वळत होती, पाच वेळा, आणि मग पुन्हा पाच वेळा.

ऑरिन परत आला तेव्हा उजवा हात काखेत दाबून धरलेला होता.

"कसं झालं?" मी विचारलं.

"कॉफी आहे का?"

कप त्याने डाव्या हाताने धरला.

निकाल दुपारी लागला. तोवर आम्ही पर्च माशाचे सँडविच खाल्ले. ऑरिनने अर्धंच खाल्लं, उरलेलं आर्डिसने खाल्लं, तक्रार करत की मासा शिळा आहे. फलकावर कागद चिकटवले गेले आणि गर्दी झाली. ऑरिन फलकापासून चार हातांवर जाऊन उभा राहिला.

"वाच," तो आर्डिसला म्हणाला.

"चष्मा गाडीत आहे. तू वाच."

"माझा लांबचा आहे. लांबून काही दिसत नाही, एवढी बारीक अक्षरं."

"मग जवळ जा."

"जवळून तर अजिबात दिसत नाही."

शेवटी मी पुढे झाले. गुण मिळालेल्यांची यादी वरून वाचत आले. दहा गुण, त्यात नव्हता. आठ गुण, नव्हता. सहा गुणांची यादी लांब होती. मी बोट खाली सरकवत गेले. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर सातच नावं होती, खाली एक रेघ, आणि रेघेच्या लगेच वर, सगळ्यात शेवटी: टिबेट्स, ऑ.

मी मागे वळले. चार वर्षं साहित्य शिकून मला एक शब्द सापडला नाही. मी सहा बोटं वर केली.

ऑरिनने टोपी काढली. परत घातली. मग पुन्हा काढली.

"चोवीस आणि सहा," तो म्हणाला.

"हिशोब येतो मला," आर्डिस म्हणाली. "इकडे आण ते पिस्तूल. घोडा बघू दे."

तिने तिथेच, गर्दीत, पिस्तूल उघडून रिकामं असल्याची खात्री केली आणि भिंग डोळ्याला लावलं. भिंग बराच वेळ खाली आलं नाही. तिला काहीच दिसत नव्हतं, हे ऑरिनला आणि मला दोघांनाही कळत होतं. भिंगामागचा डोळा ओला होता.

बिल्ला सप्टेंबरमध्ये टपालाने आला. ऑरिन तीन आठवडे रोज फाटकाशी उभा राहून नव्या टपालवाल्याला छळत होता, "पेटी उलटी करून बघ, खाली चिकटतात." आला त्या दिवशी तो बिल्ला घेऊन आमच्याकडे आला. आर्डिसने बिल्ला हातात घेतला, उलटा केला, मागची पिन नखाने चाचपली.

"पिनेच्या जोडाला डाग नीट दिलेला नाही," ती म्हणाली. "टिकेल, पण नीट नाही."

"आर्डिस, तो बिल्ला आहे. झाडायचा नाही."

"म्हणून काय झालं?"

मग तिने ॲपल पायची बशी पुढे सरकवली. दालचिनी जास्त होती. ऑरिनने पहिला घास घेतला, चावता चावता थांबला आणि बशी आणखी जवळ ओढली.

जुलैत काढलेला नवा घोडा आणि नवा खटका तिने ऑरिनला परत दिले नाहीत. ती रीत तिने एवढी एकदाच मोडली. ते पाकीट बाकावरच्या खिळ्याला टांगलेलं आहे. वर ऑरिनचं नाव नाही. आर्डिस कोवाल्चिक, असं लिहिलंय, आणि तारीख.

स्पर्धेहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात गेले, तेव्हा मेणबत्ती नव्हती. आर्डिस कथलाचा डाग द्यायची सळई तापवत होती. कॉफीचा डबा समोर. काट्यावर तोलून पाहिला, साडेचार. मग झाकण बसवलं आणि कडेने गोल डाग देत झाकण कायमचं बंद केलं.

"छर्रे काढता येणार नाहीत आता," मी म्हणाले.

"तेच तर," आर्डिस म्हणाली आणि डबा निवायला बाजूला ठेवला.